एक सूत

चाळीस वर्षं उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न केले.
ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं,
म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवायचा.
किती थोडा, ते माझ्या बोटांना ठाऊक.
आणि रिटायर झाल्यावर मी काय घेतलं,
तर भंगारातली चार अलॉय चाकं,
भलत्याच गाडीची,
चकचकीत.

बोल्टांची भोकं जुळली. मधलं नाही.
साठ मिलिमीटरचं भोक, चोपन्नचा हब.
चहूबाजूंनी एक सूत मोकळं.

साठला काही नाही.
सत्तरला स्टेअरिंग कुजबुजतं.
ऐंशीला, कागलच्या अलीकडं,
हातात अशी थरथर की बायकोनं विचारलं,
'थंडी वाजतीया व्हय?'

इलाही शिकलगार लेथवरची मान वर न करता म्हणाला,
'कडी टर्न करून देतो. चारांचे दोन हजार.
तुमच्याकडनं कमी घेतले तर पोरं हसतील.'
मी म्हटलं, बघतो.
बघतो म्हणजे नाही, हे त्यालाही कळलं.

गच्चीवरच्या टाकीचा दोन इंची पाइप उरला होता.
हॅक्सॉनं बोटभर रुंद कडी कापली,
आतबाहेर पॉलिश पेपर मारत बसलो,
मांडीवर पिठासारखा भुगा.
वीस रुपयांचा पेपर, बाकी फुकट.
दोन दिवस गल्लीतून कारखानदारासारखा चाललो.

मग गगनबावड्याचा घाट उतरलो.
ब्रेक तापले, हब तापला,
घरी येऊन चाक काढलं तर कडं
निखाऱ्यावर विसरलेल्या पापडासारखं.
'पाइप न्हाई टिकत मालक,' इलाही म्हणाला,
'धातूच पायजे.'
या खेपेला मान वर केली होती.

खरं तर कड्यावर वजन येत नाही.
वजन नट पेलतात.
कड्यानं एवढंच करायचं:
चाकाला त्याचा मध्य दाखवायचा
आणि गप्प बसायचं.

माळ्यावर जर्मनचं पातेलं होतं,
बूड पोचलेलं, काठ मात्र सरळ.
व्हर्निअर लावला. दीड मिलिमीटर.
दोन वेढे म्हणजे तीन,
तीन म्हणजे एक सूत, केसभर कमी.
केसभर चालतं.

'त्याच्यावर नाव हाय,' बायको म्हणाली.
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. कुसुमावती हिस
तवनाप्पा मामांकडून सप्रेम.

तवनाप्पा मामा.
वाटणीच्या भांडणापासून बारा वर्षं
त्यांच्या उंबऱ्याबाहेर
आमची चप्पल निघालेली नाही.

'नाव सोडून कापा,' ती म्हणाली.
पातेलं हातात घेतलं, उजेडात फिरवलं,
पदरानं पुसलं, कशाला कुणास ठाऊक.
'ऱ्हाऊ द्या. नावाचाच भाग सरळ हाय.'

टोकं तिरकी घासली, जोडावर उंचवटा नको म्हणून.
रबरी हातोडीनं हळूहळू ठोकत बसवलं,
वरून ग्रीसचं बोट.
पुढच्या दोन चाकांपुरतंच पातेलं पुरलं.
मागची थरथरली तरी स्टेअरिंगला कळत नाही,
तेवढं खोटं चालवून घेतो.
डाव्या चाकात 'सप्रेम' गेलं,
उजव्यात 'तवनाप्पा'.
कुसुमावतीतली 'कुसु' पत्र्याच्या तुकड्यावर उरली,
ती तिनं उचलून फडताळात ठेवली.

रविवारी सकाळी हायवेला लागलो.
साठ. सत्तर.
सत्तरला तिनं माझ्या हातांकडं बघितलं.
ऐंशी.
मी दोन बोटांवर स्टेअरिंग धरलं,
मग एका.
गाडी ओळंब्यासारखी सरळ.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तीच म्हणाली,
'मामास्नी फोन लावू काय?'

गाडी कडेला घेतली, डिकीतून पाना काढला.
म्हटलं, 'थांब जरा.
पन्नास किलोमीटर झाले की
नट पुन्हा एकदा आवळावे लागतात.'

पहिल्या चाकापाशी बसलो होतो
तेव्हा मागं
रिंग जात असल्याचा आवाज आला.