बावन्नातली अकरा

जानेवारीत वहीवर लिहिलं: बावन्न.
आठवड्याला एक वचन, वर्षाची बावन्न.
गणित सोपं होतं आणि पेन्सिल नवी.

मी बोटीवर दोरखंड सांभाळतो.
मुलिफानुआ ते सालेलोलोगा, सवा तासाची फेरी,
दिवसातून चार वेळा तोच समुद्र.
तिकिटांच्या उरलेल्या अर्धुकांवर
बायकोकडून वचनं लिहून घेतली,
एकेक चिकटपट्टीने लावत गेलो
दोर गुंडाळायच्या यंत्रावर,
डिझेलचा वास आणि खारा वारा
यांच्यामध्ये कुठेतरी टिकेल म्हणून.

पहिलं आठ दिवसांत आलं.
दुसरं आलं, पण शेवटचे तीन शब्द
रोज वेगळ्याच क्रमाने यायचे,
उतरायची घाई झालेल्या प्रवाशांसारखे.
तिसऱ्यापर्यंत पहिलं गेलं.
पाठ झालेलंही असं पाठ फिरवतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत वादळ. बोट आठवडाभर बांधलेली.
वेळच वेळ होता, ओळ एकही नाही.
मार्चच्या पानावर नुसता कपाचा गोल डाग.
मग खाडाखोड: बावन्नाचे चोवीस,
चोविसाचे बारा.
सोलोमोना, आमचा इंजिनवाला, म्हणाला,
"देवाशीसुद्धा घासाघीस करतोस?"
"देवाशी नाही रे," मी म्हटलं, "वहीशी."

खरं कारण त्यालाही सांगितलं नव्हतं.

नऊ वर्षांचा होतो. ऑक्टोबरातला पांढरा रविवार,
मुलांचा दिवस. मुलांनी उभं राहून वचन म्हणायचं,
मुलांनी आधी जेवायचं, मोठ्यांनी वाढायचं.
खळ लावलेली कॉलर गळ्याला टोचत होती.
उभा राहिलो,
आणि डोकं ओहोटीनंतरच्या खडकासारखं:
ओलं, चकचकीत, रिकामं.
चौथ्या बाकावर आईचे ओठ हलत होते.
मला ते वाचता येईनात.
शेवटी "आमेन" म्हणालो आणि बसलो.
सगळं गाव हसलं. मायेनेच,
पण हसलं.

यंदा माझी फेतुआओ नऊ वर्षांची.
सप्टेंबरभर ती अंगणात घोकत होती.
मी तारो सोलायचो, पण तिच्याकडे लक्ष नसायचं;
माझं बारावं वचन
हट्टाला पेटलेलं होतं.

रविवारी ती उभी राहिली. पांढरा झगा,
एका पायातला मोजा घसरलेला.
माझ्या तळहातांना घाम.
बोट धक्क्याला लागताना उभा असतो तसा
मी बाकावर बसूनच उभा होतो,
ती अडखळली की दोर टाकायचा.
ती अडखळली नाही.
एका दमात म्हणून बसली
आणि शेजारच्या मुलीशी आइस्क्रीमबद्दल बोलू लागली.

तेव्हा कळलं, माझे ओठ हलत होते.
पहिल्या शब्दापासून.
ते वचन माझ्या वहीत नव्हतं.

आईला अक्षरओळख नव्हती.
आम्ही सात भावंडं, दरवर्षी सात वचनं,
चुलीच्या धुरात, नारळ खवताना
कानावर पडलेली.
तिची वही नव्हती, आकडा नव्हता.
आता मी हिशोब मांडतो आणि
दोन्ही हातांची बोटं संपतात,
सोलोमोनाची उसनी घेतली तरी संपतात.

वर्ष संपायला दहा आठवडे आहेत.
अकरा पाठ, त्यांतली चार डळमळीत.
फेतुआओचं बारावं म्हणून धरावं का?
सोलोमोना म्हणतो, धर.
बायको म्हणते, ही लबाडी.
मी त्या जागी पेन्सिलीने एक खूणगाठ काढून ठेवलीय,
पक्की नव्हे, ओढली की सुटणारी.

सोमवारी पहाटे यंत्रावरचा कागद उडून गेलेला होता.
सतरा गाड्या चढवायच्या होत्या, दोन डुकरं,
आणि कुणाचा तरी नवा फ्रिज
उभाच बांधायचा होता.