न्यूट्रल

वाडीच्या गॅरेजात, जुन्या स्कूलबसच्या मागे
माझी आठशे जोडली ह्यांनी
लोखंडी दांड्याने.
बसचा पिवळा रंग क्रीमखालून अजून डोकावतो
दाराशी, जिथे हात लागतो तिथे.
आत दोन पलंग, शेगडी, चाळीस लिटरची टाकी.
ऑर्डनन्समधून रिटायर झाल्यापासून हेच डोक्यात.
"मुक्कामाला बस उभी करायची," हे म्हणाले,
"अन् गावात हिंडायला शेपूट सोडायची."

शेपूट.
शहाण्णव साली घेतलेली, माझ्या पगारातून,
मेयोच्या रात्रपाळ्यांसाठी.
रात्री अकराला मोमिनपुऱ्यातून एकटी जायची मी,
टपरीवरची पोट्टी एकमेकांना म्हणायची,
सिस्टरची गाडी आली, सरका बे.

इस्राईल वेल्डरने दोनदा दाखवलं.
गिअर न्यूट्रलला.
हँडब्रेक खाली, विसरलात तर टायर पेटतात, बाई.
किल्ली एकच घर फिरवायची,
स्टिअरिंग मोकळं होईल इतकीच.
साखळ्या दोन.
मग पिन ठोकत म्हणाला,
आता हिला कोणी चालवायचं नाही,
ही आपोआप वळते.

नवतप्याच्या आधीचा रविवार.
बोरखेडीच्या टोलपर्यंत चाचणी,
डांबर तापायच्या आत परत.
मी बसमध्ये, मागच्या खिडकीशी,
मांडीवर पाण्याची बाटली.
तिथून पाहिलं:
रिकाम्या सीटसमोर माझं स्टिअरिंग फिरत होतं.
जरा डावीकडे. परत सरळ.
चौकात पूर्ण उजवीकडे,
सावकाश, दोन्ही हातांनी घेतल्यासारखं.
एवढ्या वर्षांत मी तिला
समोरून चालताना पाहिलंच नव्हतं.

टोलवर बसचे पैसे कापले.
दोन हात पुढे सरकलो तर मशीन पुन्हा वाजलं,
तिचेही कापले.
हे उतरून भांडले, अरे, इंजिन बंद आहे तिचं!
खिडकीतला पोरगा मान वर न करता म्हणाला,
"काका, चाकं तर फिरून राहिली ना."
मी उतरून तिचा मीटर पाहिला.
वाडीपासूनचे सगळे किलोमीटर
तिने निमूट मोजले होते.

परतताना बेश्याकडे ह्यांनी शॉर्टकट घेतला.
नवं लेआऊट, गल्लीच्या टोकाला भिंत,
भिंतीवर कूलरची जाहिरात.
ह्यांनी रिव्हर्स टाकला.
दांडा कण्हला, माझ्या गाडीची पुढची चाकं
आडवी झाली, अडेल बैलासारखी.
इस्राईलने तिसरी गोष्टही सांगितली होती,
हे तेव्हा बिल तपासत होते:
जोडलेलं असताना मागे जाता येत नाही.

पिन निघेना.
दगडाने ठोकली, चपलेने ठोकली,
एकमेकांवर ओरडून झालं,
बस घेण्यापासून ते थेट आमच्या लग्नातल्या मानापानापर्यंत.
कूलरमध्ये पाइप सोडून उभे असलेले चौरागडे नावाचे गृहस्थ
हातोडी घेऊन आले
आणि पाणी वाहून चाललंय हे विसरून
शेवटपर्यंत थांबले.

मग मी बसले. सीट कधीचीच माझ्या मापाची.
किल्ली दुसऱ्या घरात.
बॅटरी थकलेली; एकदा खोकली, दोनदा,
तिसऱ्यांदा उठली.
मागे घेतली, एका दमात, गल्लीच्या तोंडापर्यंत.
मग उतरून बसला हात दाखवला,
येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, थांबा.

"आता माझ्या मागे या," म्हटलं.

वर्धा रोडला ऊन चढलं होतं.
आरशात ती एवढी मोठी बस,
बंपरच्या कोपऱ्यात उघडी पडलेली पिवळी रेघ.
दांडा मी मागच्या सीटवर टाकला होता,
दर खड्ड्यात वाजायचा.
सिग्नलला मी डावा इंडिकेटर दिला.
मागे त्यांनीही दिला.

पोह्यांवर तर्री दोनदा घेतली ह्यांनी.
घाम पुसत म्हणाले, पिनला ग्रीस लावायला पाहिजे.
म्हटलं, लावा.