एक हजार चारशे बावन्न

सावद्याला मे महिन्यात रात्री दोनलाही
पत्रे तापलेलेच.
वजनकाट्याच्या खोलीत मी, सर्व्हरचा पंखा
आणि दर चार मिनिटांनी उचकी देणारा यूपीएस.

तक्रार एका ओळीची:
दुरसिंग पावरा, कापणी टोळी, अठरा दिवस, मजुरी शून्य.
मुकादम म्हणाला, "सिस्टीमच शून्य दावू राह्यली, मी काय करू व ताई?"
दुरसिंग काही म्हणाला नाही.
हात पुढे केले फक्त,
केळीच्या चिकानं काळे पडलेले.

कोड जितू भारंबेचा.
तो आता हिंजवडीत असतो, फोन उचलत नाही.
ट्राय लिहिला होता नीट, काळजीनं,
खाली कॅच,
आणि कॅचच्या महिरपी कंसांत
एवढंच: नंतर बघू.

म्हणजे अठरा दिवस डेटाबेस बोंबलत होता
रोज संध्याकाळी, हजेरी चढवताना,
आणि आम्ही त्याच्या तोंडावर गोणपाट टाकून
हिरव्या अक्षरांत दाखवत होतो, जतन झाले.

गोणपाट काढलं. १४५२.
१०६२ असता तर बरं, तो दुबार नोंदीचा, पाठ आहे मला,
आमच्याकडे एकेका गल्लीत तीन-तीन चौधरी.
१२१३ही ओळखीचा. दोघं एकमेकांची वाट अडवून बसतात,
बांधावरच्या भाऊबंदांसारखे.
१४५२ म्हणतो,
ही ओळ ज्या नोंदीचा हात धरून उभी आहे
ती नोंदच नाही.

गावांचा तक्ता उघडला.
सातपुड्याच्या पायथ्याशी तो संपतो.
दुरसिंगच्या अर्जावर मोहझिरी पाडा.
"कुठं आलं हे?"
"पालच्या वर. जीप थांबते, तिथून दोन तास."

गाव घालायला घेतलं. १०४८.
पिनकोडचा रकाना रिकामा चालत नाही.
"पिनकोड काय तुमचा?"
तो हसला.
मी खालच्या गावाचा टाकला. चालला.
अठरा ओळी एका दमात आत गेल्या,
शून्याच्या जागी पहिल्यांदा आकडा आला.

मग पुन्हा कॅचपाशी आले.
तिथं काय लिहायचं ते शिकवलंय मला:
लॉग, निरोप, पुन्हा प्रयत्न.
काही लिहिलं नाही. अख्खा पुसला.
आता एखादं गाव सापडलं नाही
तर संध्याकाळी, मालक, मुकादम, रांग उभी असताना
प्रोग्राम सगळ्यांदेखत पडेल.
पडू दे.

चारला टोळीची ट्रॉली आली.
विळा खोचत दुरसिंगनं विचारलं,
"आलं का गाव?"
आलं, म्हटलं.
पिनकोडचं सांगितलं नाही.