चाळीस नंबरचा दोरा

फॉर्मवर रकाने तीन होते: विवाहित, विधवा, परित्यक्ता.
मी चौथा शोधत राहिले.
भोये मॅडमनी हातातलं पेन काढून घेतलं,
म्हणाल्या, राहू दे कोरं.
दोरा धरायला रकाना लागत नाही.

पेठ रोडला गिरणीच्या वरचा हॉल.
खाली बाजरी दळायला घातली की वर आरसे थरथरतात
आणि आम्ही चौदाजणी आरशात थोड्या थोड्या हलतो.
प्लास्टिकचं एक मुंडकं आहे, त्याला आम्ही वहिनी म्हणतो.
सगळ्यांनी तिचे केस विंचरलेत, उपटलेत, जाळलेतसुद्धा.
वहिनी कुणाचं काही मनावर घेत नाही.

पहिला आठवडा स्वतःच्या नडगीवर.
एक टोक दातात, फास बोटांत,
मान मागे, मान पुढे.
नडगी लाल झाली, ओठाला चीर पडली.
दोऱ्याला चव असते, हे कुणी सांगितलं नव्हतं:
शमशादच्या दोऱ्याला मशेरीची,
माझ्या दोऱ्याला रक्ताची.

हात मात्र लवकर बसला.
सात हंगाम मोहाडीच्या बागेत घड विरळलेत मी,
पहाटे पिकअपमध्ये उभ्यानं जाऊन,
हिरव्या मण्यांतून कात्री फिरवत.
कुठला मणी ठेवायचा, कुठला पाडायचा
ते बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं.
भुवईचंही तसंच.
एक जास्त गेला की घड गेला.

सासू हसायची.
ती रामकुंडावर पत्रावळी, दर्भ, काळे तीळ विकते.
दिवसभर तिच्यासमोर माणसं डोकी पुढे करून बसतात,
बापाच्या नावानं, वस्तऱ्याखाली.
"केस उतरवायला घरातलं कुणीतरी मरावं लागतं गं.
तुझ्याकडे कोण येणार, सगळी जिवंत असताना?"
ज्याचा विषय आमच्या घरात निघत नाही
त्याच्यासाठी तिनं अजून तीळ बाजूला काढलेले नाहीत.
मीही कधी मागितले नाहीत.

परीक्षा सातपूरला. मॉडेल जिचं तिनं आणायचं.
शमशादला नणंद मिळाली.
मी अख्खी गल्ली फिरून आले:
कुणाला ताप, कुणाला ड्यूटी, कुणाला नवरा.
रात्री भांडी पालथी घालून झाल्यावर
म्हातारी बल्बकडे पाठ करून म्हणाली,
"हनुवटीवरचे निघतात का?
झोपेत हाताला लागतात."

सहा होते. चार पांढरे, दोन काळे.
किती वर्षं पदराआड धरून बसली होती कोण जाणे.

खुर्चीत बसली ती घाटावर बसते तशीच, पाय पोटाशी घेऊन.
पाय सोडा म्हटलं. सोडले.
डोळे मिटा म्हटलं. एकच मिटला.
अकरा वर्षं एका छपराखाली,
तिच्या तोंडाला माझा हात कधी लागला नव्हता.
हनुवटीखालची कातडी ताणून धरली
तेव्हा बोटाला खळी लागली.
तीच. डाव्या अंगाला जरा कललेली.
दोरा माझ्या दातांत सैल पडला.
परीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
मग मी ओढला.

म्हातारीच्या मिटल्या डोळ्यातून पाणी आलं.
पहिल्यांदा सगळ्यांनाच येतं,
भोये मॅडमनी आधीच शिकवलंय, टिश्यू हाताशी ठेवा.
मी पदर वापरला. त्याचेही मार्क गेले असतील.

निमाणीला उतरल्यावर तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली.
भिंतीवरचं रेटकार्ड शमशादकडून वाचून घेतलं होतं:
हनुवटी, चाळीस.
दहाची चार नाणी, एकाला तीळ चिकटलेला.
"धर. बोहनीला उधारी नसते."

मी दोनदा मोजली. चारच होती, तरी.
तीळ नखानं खरवडला, टाकायला जागा शोधली, सापडेना,
मुठीत तसाच राहिला.
ती पुढे चालत होती, हनुवटीवर बोट फिरवत,
मध्येच थांबून म्हणाली,
"एक राहिलाय बघ."