बिनचिठ्ठीची पुडी

वैशाखात ही विभाच्या बाळंतपणाला पुण्याला गेली
आणि जाताना माझ्या हातात
बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा देऊन गेली.
आत राख, राखेत पुड्या,
पुड्यांवर गॅसच्या पावत्यांच्या पाठीवर तिचं अक्षर:
पडवळ. दोडका.
भेंडी, आठ धारांची.
तवसं, मैमुनाकडचं, कडू निघत नाही.

एकतीस वर्षं मी लाँचच्या धक्क्यावर तिकिटं फाडली.
वेलदूरची भरती झोपेतही सांगेन,
पण दोडक्याचं बी कधी टोचायचं
ते मला कुणी विचारलं नव्हतं.
मी फक्त खाल्लेला आहे, दोडका.

रोज साडेसातला फोन.
"आळी केलीत?"
"केली."
"किती खोल?"
"वीतभर."
"वीत कुणाची? तुमची नको. माझी."

सुरणाचे गड्डे डोळा वर करून पुरले.
हळद पोफळीच्या सावलीला.
मांडवाला काठ्या पुरल्या नाहीत,
म्हणून धक्क्यावरून फाटकं जाळं आणून ताणलं.
पडवळाचा वेल त्यावर निमूट चढला,
मांजरं मात्र महिनाभर
त्याच्याखाली आशेनं बसून होती.

सगळ्या पुड्या संपल्यावर
तळाशी एक उरली, चिठ्ठी नसलेली.
सहा बिया. पांढऱ्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या,
कडेला तपकिरी रेघ.
विचारणार होतो, पण फोनमध्ये बाळ रडायला लागलं.
न्हाणीमागे शेवग्याच्या बुंध्याशी टोचून टाकल्या.
तिथली माती आधीच भुसभुशीत होती.
ती का, हे मनात आलं नाही.

श्रावणात एका माणसाच्या घरात
सतरा पडवळं. वाकू नयेत म्हणून
शेंड्याला दगड बांधलेली, दारात उभी
घंटेच्या दोरांसारखी.
तवशी धक्क्यावरच्या पोरांना वाटली.
भेंडी दोन दिवस बघितली नाही तर जून झाली,
आठही धारा काडकाड मोडल्या.
ते तिला सांगितलं नाही.

नवरात्रात न्हाणीमागे गेलो
तर शेवग्यावर तलवारी लोंबत होत्या.
हिरव्या, रुंद, वीतभर,
माझ्या वितीनं वीतभर.

फोनवर वर्णन केलं.
ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "अबई आहे ती.
तुम्हाला आवडत नाही."

लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणे
मी ती ताटात बाजूला सारली होती,
कातड्यासारखी लागते म्हणालो होतो.
मला आठवत नाही.
पण त्यानंतर अडतीस वर्षं
आमच्या ताटात अबई आली नाही, हे खरं.

"मग बी? एवढं जुनं बी रुजतं?"
"जुनं कुठलं? दरवर्षी लावते, न्हाणीमागे.
आईनं दिलेलं आहे. मरायला नको."
"आणि शेंगा?"
"तुम्ही लाँचवर असायचात."

दोन कोवळ्या शेंगा काढल्या.
शिरा सोलल्या, बारीक चिरल्या, ओलं खोबरं घातलं,
मीठ आधी कमी, मग जास्त.
एकटाच जेवायला बसलो.
खरं सांगायचं तर
थोडी कातड्यासारखीच लागली.
तरी सगळी संपवली.

आता कार्तिक. जमीन वरून सुकायला लागली आहे,
मुळ्याचे आणि लाल माठाचे वाफे करायचेत,
विहिरीचा पंप मधेच दम तोडतो.
दोन शेंगा वेलावरच ठेवल्यात, वाळायला.
पुडीसाठी कागद फाडला, पेन घेतलं,
आणि काहीच न लिहिता घडी घातली.

डब्यातली राख कमी होती.
आमच्याकडे चूल नाही, म्हणून मैमुनाच्या दारात गेलो.
बंबाखालची राख चाळता चाळता,
मान वर न करता तिनं विचारलं,
"औंदा अबई कशी नाही आली, भाऊ,
तुमच्याकडनं?"