करडा धोबी, सेक्टर चोवीस

यंदाची पहिली नोंद चुकलीच.
वहीत लिहिलंय तेवीस सप्टेंबर, पुढे प्रश्नचिन्ह,
कारण फक्त आवाज ऐकला होता,
कारंज्याच्या पंपाच्या वरून, बारीक, दोन तुकड्यांत तुटलेला,
आणि मी तेव्हा चष्मा पुसत होते.

आवाजाला मी नोंद म्हणत नाही.
बँकेत बत्तीस वर्षं काढली,
सही पटल्याशिवाय कुणाचे पैसे सोडले नाहीत.

मग आश्विनातलं ऊन.
सातवीण फुलली, तिच्या वासानं
ट्रॅकवरची अर्धी माणसं डोकं धरून घरी गेली.
गरब्याचा मंडप उतरला.
हिरवळीत बांबूंची भोकं राहिली,
साळुंक्या त्यांत चोच घालून बघतात
काही उरलंय का.
हळद्या एकदा दिसला, पिंपळात, म्हणजे पिवळं काहीतरी हललं.
वेडे राघू मात्र तारेवर रोज, सात,
जणू हजेरी लागायची आहे.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी
हिराजी भगत पाण्याची नळी तशीच वाहती टाकून आला.
माळी आहे, कंत्राटी, अंगातला गणवेश
त्याच्याहून दोन मापं मोठा.
म्हणाला, “मॅडम, तुमचा पावना आयलाय. मोरीवं.”

होता.
पाठ राखेची, पोट हळदीचं,
शेपटी खाली-वर, खाली-वर,
कुणीच न विचारलेल्या प्रश्नाला
हो, हो म्हणत असल्यासारखी.

नेरूळला येऊन मला सव्वीस वर्षं झाली,
अजून बहिणीला पत्ता तीनदा सांगावा लागतो:
सेक्टर, प्लॉट, मग कुठल्या एटीएमपासून डावीकडे.
हा डोंगरांपलीकडून आला
आणि नेमका या सिमेंटच्या पाइपाच्या तोंडाशी उतरला,
जिथून तलावाचं पाणी चोवीस तास गळतं
आणि ज्याची तक्रार मी दोनदा केली आहे.
(तिसऱ्यांदा करणार नाही.)

आमच्या बिल्डिंगमधला निनाद पोटावर झोपून
तासभर फोटो काढत होता.
त्याच्या पाठीवरून एक मुंगळा गेला, त्याला कळलं नाही.
“काकू, हा मागच्या वर्षीचाच असेल?”
काय सांगणार. पायात कडं नाही, कपाळावर नाव नाही.
मी म्हटलं, असेल.

हिराजीला मात्र शंकाच नव्हती.
“त्यो बांदावं चालतंय, बगा.”
कुठला बांध?
त्यानं हातातल्या खुरप्यानं हवेत रेघ ओढली,
सातविणीपासून मोरीपर्यंत,
लाल रबरी ट्रॅकच्या मधोमध.
“ह्यो. एका अंगाला आमचं भात, दुसऱ्या अंगाला चुलत्याचं.
भात कापला का ह्यो यायचा.
आजा दाखवायचा मला.”

धोबी जगतो चार वर्षं, फार तर सहा.
बांध जाऊन चाळीस झाली असतील.
मला हिशेब येतो.
पण समोर तो पक्षी खरंच
काठ सोडून ट्रॅकवर आला होता,
दुडक्या चालीनं, मधोमध,
सायकलवाल्या पोरासाठी उडाला, आणि परत तिथंच.
मी तोंड उघडलं आणि मिटलं.

वहीत चार रकाने आहेत.
तारीख, वेळ, संख्या.
चौथ्यात मी ‘शेरा’ लिहून ठेवलंय, तो बहुतेक रिकामा असतो.
तिथं लिहिलं: बांधावर.
पेन्सिलनं लिहिलं, हे कबूल करते.

कंत्राट डिसेंबरात संपतंय.
पुढच्या माळ्याला मोरीचं कोण सांगेल, ठाऊक नाही.

काल ऊन चढल्यावर मी बाकावर बसले होते.
पक्षी नव्हता.
हिराजी नळीचं वेटोळं खांद्यावर टाकून निघाला,
सातविणीपासून,
एका पावलासमोर दुसरं पाऊल,
मोकळा हात तोलासाठी जरा बाजूला धरून.

ट्रॅक आठ फूट रुंद आहे.