चपला आत घ्या

चपला आत घ्या, असं मी दारातच सांगते.
बाहेर राहिल्या की बोळ मोजतो,
अकरा जोड, तेरा जोड,
मग सोमवारी नळावर नीलव्वाकाकू विचारते,
"काल पाव्हणे आलेले काय की तुमच्यात?"
म्हणून सगळ्या चपला मागाखाली,
सुताच्या केरात,
आणि मागावर जुनी चादर.

वडगावात आठवडाभर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.
माग बोलतात, माणसं ओठ वाचतात.
रविवारी आमचे दोन माग गप्प,
आणि तेव्हाच कळतं
भिंत किती पातळ आहे ते.
गाणं मग ओठांतल्या ओठांत.
टाळ्या नाहीत. अंताप्पा मांडीवर दोन बोटांनी ताल धरतो,
तेवढ्यावर आम्ही चार कडवी ओढतो.

कॅम्पातलं दगडी देऊळ अजून आहे.
वारा तिकडून असला तर घंटा येते.
तिथं बाकांवर नावं कोरलेली होती.
आमचं कुठल्याच बाकावर नव्हतं.
राग नाही त्याचा.
सासरे शेवटपर्यंत मागं उभेच राहिले,
पाय दुखत नाहीत म्हणायचे.

इथं बाक नाहीत, पोती आहेत.
शांतवन मराठीत वाचतो,
मागून मल्लेश तेच कन्नडात,
शाळेत धडा म्हणावा तसं, न थांबता.
ओवीचे आकडे दोघांचे निराळे लिहिलेले,
बोट मात्र एकाच जागी येतं.
चौकातल्या पाटीवर परवा पुन्हा काळं फासलं.
कुणी, ते सगळ्यांना माहीत.
त्यातला एक आत्ता माझ्या पोत्यावर बसलाय,
डोळे मिटून.

दुंडव्वा कांड्या भरते,
आणि प्रार्थना करते ती तिच्या बोलीत.
"कर्तने," अशी हाक घालते.
कर्ता म्हणजे त्यांच्यात प्रभू.
आमच्यात कर्ता म्हणजे
ज्याच्या मजुरीवर चूल पेटते तो.
जाऊबाई सुगंधा पहिल्यांदा आली,
घरी एकटी नको म्हणून मीच आणलेली.
तिला कन्नड येतं ते भाजीच्या भावापुरतं.
तिचा कर्ता सिव्हिलच्या व्हरांड्यात गेला,
रांगेत, हातात चिठ्ठी धरून.
दुंडव्वा म्हणाली, "कर्तने, बा."
सुगंधानं मान वर केली
आणि दाराकडं बघितलं.

कुणी तिला अर्थ सांगितला नाही.
मीही नाही.

मग जोंधळ्याची कडक रोट्टी.
मोडताना आवाज होतो,
तेवढा आम्ही होऊ देतो.
अथणीचे बेदाणे रात्री भिजत घातलेले,
त्यांचं पाणी एकाच पेल्यात.
पेला सुगंधापाशी आला
तेव्हा दारावर थाप.

मल्लेशनं पुस्तक चादरीखाली सारलं.
अंताप्पाची बोटं मांडीवरच राहिली.
मी कडी काढली.
नीलव्वाकाकू.
"करंट गेलाय काय? तुमचा माग ऐकू येईना."
तिनं माणसं बघितली, पेला बघितला,
मग खाली वाकून मागाखाली,
आणि तिचा चेहराच बदलला.
"अगं, मागाखाली चपला?
लक्ष्मी हाय ती! कुणी शिकवलं गं तुला?"

आत आली. पदर खोचला.
एकेक जोड उचलून
रस्ता ओलांडून
आपल्या कट्ट्यावर मांडत गेली.
चार खेपा.
"माझ्याकडं रोजच माणसं असतात," म्हणाली,
"कोण मोजतंय?"
जाताना दार तिनंच ओढून घेतलं.

सोमवारी नळावर तिनं पुन्हा विचारलं,
"काल पाव्हणे आलेले काय की?"
तेवढ्याच मोठ्यानं.
मी म्हटलं, "तुमच्यात आलेले की."
घागर भरेपर्यंत दोघी काही बोललो नाही.

शांतवन त्या दिवशी घाईत
तिच्या नवऱ्याच्या चपला घालून गेला.
त्याच्या तिकडंच राहिल्या.
दोघांनाही जरा सैल होतात म्हणे.
अजून कुणी बदलून घेतलेल्या नाहीत.